समुपदेशकाचं काम कोण तपासतं?

डॉक्टरला दवाखान्यात नोंदणी क्रमांक दिसेल असा लावावा लागतो, औषधाच्या चिठ्ठीवर छापावा लागतो. वकिलाकडे सनद असते, चार्टर्ड अकाउंटंटला सदस्य क्रमांक असतो. यांच्याविरुद्ध तक्रार करायची झाली तर कुठे जायचं, हे निदान शोधून सापडतं. समुपदेशकाचं तसं नाही. पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात उद्या कोणी दोन खुर्च्या, टिश्यू पेपरचा डबा आणि एक पाटी एवढ्या भांडवलावर कौन्सेलिंग सेंटर उघडलं, तर त्याला अडवणारं व्यवहारात कोणी नाही. खुर्चीतल्या माणसानं मानसशास्त्रात एम.ए. करून पुढे चार वर्षं उमेदवारी केलेली असेल, किंवा शनिवार-रविवारच्या ऑनलाइन कार्यशाळेचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असेल. समोर बसलेल्याला हा फरक कळणं कठीण, कारण तो त्या दिवशी चौकशा करण्याच्या मनःस्थितीत नसतोच. झोप उडालेली असते, लग्न मोडायला आलेलं असतं, मुलगा आठवडाभर खोलीतून बाहेर येत नसतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पदवी सक्तीची करा, नोंदणी करा, बाकीच्यांना हाकला. मला हे उत्तर अपुरं वाटतं, आणि काही बाबतीत घातकही. समुपदेशकाचं शिक्षण काय, हे विचारायलाच हवं. पण त्याहून महत्त्वाचं असं, की बंद खोलीत तो जे काम करतो ते त्याच्याखेरीज आणखी कोणी पाहतं का? तो चुकत असेल तर चूक दाखवून देणारं कोणी आहे का? हा प्रश्न आपल्या कायद्याला अजून पडलेला नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेक क्लायंटनाही पडत नाही.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो, कारण ती वाटते त्याहून विचित्र आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर १९९२च्या कायद्यानं स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकार परिचारिका, मनोविकार समाजकार्यकर्ते यांच्या व्याख्या आहेत; साध्या समुपदेशकाची नाही. २०२१मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात आरसीआयबाहेरचे मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक पहिल्यांदाच आले. पण तो कायदा इतका रखडला, की २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. म्हणजे ज्या वर्गाकडे आज कितीतरी लोक जातात, त्या वर्गावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आत्ता कुठे कागदावरून उतरू लागली आहे.

दुसरीकडे, ज्यांचं प्रशिक्षण खरोखर कसून होतं त्यांची संख्या तुटपुंजी. क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. दोन वर्षांचं. रुग्णालयाच्या वॉर्डात आणि ओपीडीत वरिष्ठांच्या नजरेखाली काम करून ते मिळतं आणि जागा मोजक्याच असतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीनं एम.फिल. ही पदवीच बंद केली, मग हा विषय आणि मनोविकार समाजकार्य यांच्यापुरती २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली. गरज मात्र अफाट. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. (सर्वेक्षणासाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी आपल्याकडच्या भाषणांत हे आकडे राज्याचेच असल्यासारखे फेकले जातात.) या दरीत पदवीची उंच भिंत बांधली तर भिंतीच्या अलीकडे कोण उरणार, हे सांगायला नको.

हा वाद नवा नाही. १९२६ साली व्हिएन्नात थिओडोर राइक या मनोविश्लेषकावर वैदूगिरीचा आरोप आला. राइक मानसशास्त्राचे पीएच.डी., पण वैद्यकीय डॉक्टर नव्हते, आणि ऑस्ट्रियाच्या जुन्या कायद्यानुसार डॉक्टर नसलेल्यानं रुग्णांवर उपचार करणं गुन्हा होता. सिग्मंड फ्रॉइड स्वतः डॉक्टर; तरी ते राइकच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यांनी एक पुस्तिकाच लिहिली. त्यांचं म्हणणं असं, की वैदू म्हणजे ज्याच्याकडे डॉक्टरकीचा कागद नाही तो नव्हे. आवश्यक ज्ञान आणि कौशल्य नसताना उपचार करतो तो वैदू. त्या न्यायानं कागद असलेला डॉक्टरही मनोविश्लेषणात वैदू ठरू शकतो. राइकवरचा खटला पुढे बारगळला. अमेरिकेतल्या मनोविश्लेषकांनी मात्र आपल्या संस्थांची दारं दीर्घकाळ डॉक्टरांपुरती राखून ठेवली, आणि ती उघडायला मानसशास्त्रज्ञांना १९८०च्या दशकात कोर्टात जावं लागलं. याच काळात ज्यांची नावं जगभर शिकवली जात होती त्यात सिग्मंड यांची मुलगी अ‍ॅना फ्रॉइड होत्या, मूळच्या शाळाशिक्षिका. आणि एरिक एरिक्सन होते, ज्यांच्याकडे विद्यापीठाची पदवीच नव्हती.

अर्थात पदवीशिवाय एरिक्सन होता येतं, असं सांगून आपल्याकडचे 'लाइफ कोच' हात वर करतील, म्हणून पुढची गोष्ट लगेच सांगायला हवी. एरिक्सन यांनी व्हिएन्नाच्या संस्थेत रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. स्वतः विश्लेषकासमोर बसणं आणि वरिष्ठांच्या नजरेखाली काम करणं हा त्या प्रशिक्षणाचा कणा होता. कागद नव्हता, पण काम पाहणारे डोळे होते.

त्याचा आपल्या जवळचा आणि जास्त भरभक्कम पुरावा गोव्यात आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये तिथे 'संगाथ' ही संस्था सुरू केली. तिच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१७मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र किंवा तीव्र नैराश्य असलेल्या लोकांना सहा ते आठ भेटींचं समुपदेशन दिलं गेलं. देणारे कोण? स्थानिक माणसं, किमान शालेय शिक्षण पूर्ण केलेली, मानसशास्त्राचं कोणतंही व्यावसायिक शिक्षण नसलेली. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. ज्यांना डॉक्टरांची नेहमीची, थोडी सुधारलेली सेवाच मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. हा फरक किरकोळ नाही.

आपल्याकडे या प्रयोगाचा दाखला दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं देतात. एक बाजू म्हणते, बघा, पदव्यांची गरज नाही, मायेनं ऐकणारं माणूस पुरतं. दुसरी म्हणते, हे खेड्यापाड्यांसाठी ठीक आहे, शहरी माणसाच्या गुंतागुंतीला तज्ज्ञच हवा. दोघंही प्रयोगातला मधला भाग वगळतात. त्या समुपदेशकांना तीन आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं आणि त्यानंतर सहा महिन्यांची उमेदवारी होती. त्यांच्या हाती नुसती माया नव्हती, एक ठरीव पद्धत होती. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो; बाहेर पडणं, अंघोळ, शेजारणीशी बोलणं, भजनाला जाणं. सोडलं की आनंदाच्या संधी कमी होतात, त्या कमी झाल्या की आणखी सोडतो. ही साखळी कृतीच्या बाजूनं, लहान लहान कामांपासून उलटी फिरवायची, एवढंच त्या पद्धतीचं मर्म. आणि मुख्य म्हणजे सत्रांचं ध्वनिमुद्रण होत असे. समुपदेशक ठरावीक दिवशी गटानं बसून एकमेकांची सत्रं ऐकत, एका मोजपट्टीवर त्यांना गुण देत आणि कुठे चुकलं ते बोलत. प्रकरण आवाक्याबाहेरचं असेल तर ते कोणाकडे सोपवायचं हेही ठरलेलं होतं.

आता पेठेतल्या किंवा उपनगरातल्या खासगी समुपदेशकाशी तुलना करा. त्याची पदवी गोव्यातल्या त्या प्रयोगातल्या एखाद्या समुपदेशक बाईपेक्षा मोठी आहे. पण गेल्या वर्षभरात त्याचं एक तरी सत्र दुसऱ्या कोणी ऐकलं आहे का? बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असंच येईल. माझा आक्षेप या एकांतावर आहे. एकटं काम करणारा माणूस वाईटच असतो असं नाही. पण समोरचा रडून हलका झाला, 'बरं वाटलं' म्हणून गेला, की आपलं चांगलं चाललंय असं त्याला वाटत राहतं. आणि जो बरा न वाटून यायचाच थांबला, तो सांगायला परत येत नाही. वीस वर्षांचा अनुभव म्हणजे कधीकधी एकच चूक वीस वर्षं केलेली असते.

चूक म्हणजे काय, याचं एक उदाहरण देतो. ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असलेली एखादी बाई येते. गॅस बंद केला की नाही म्हणून पंचवीस वेळा पाहते, देवासमोर उभी राहिली की मनात नको ते विचार येतात आणि आपण पापी आहोत या भीतीनं ती खचली आहे. समुपदेशक प्रेमळ आहे. तो तिला दर आठवड्याला समजावतो: अहो, तुम्ही किती चांगल्या आहात, असं काही होणार नाही, मी सांगतो ना. तिला त्या क्षणी बरं वाटतं. पण ओसीडीत दिलासा हेच इंधन आहे. 'काही होणार नाही' हे ऐकणं ही तिच्या तपासण्यांतली आणखी एक तपासणी होऊन बसते. आता ती गॅसच्या बटणासोबत समुपदेशकालाही तपासू लागते. या आजारावर ज्याचा पुरावा सर्वांत मजबूत आहे ती पद्धत बरोबर उलट चालते: भीती वाटेल अशा परिस्थितीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायचं आणि तपासण्याची कृती करायची नाही. हे माहीत नसलेला समुपदेशक दोन वर्षं फी घेऊन, अगदी सद्भावनेनं, तिचा आजार पोसू शकतो. दर महिन्याला त्याच्या प्रकरणांवर कोणी वरिष्ठ बोलत असते, तर ही गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत उघड झाली असती.

इथे एक आक्षेप रास्त आहे. सगळं शेवटी नात्यावर अवलंबून असतं, पद्धत दुय्यम, असं या क्षेत्रातले अनेक जाणते लोक सांगतात. आणि ते हवेत बोलत नाहीत. २०१८मध्ये २९५ अभ्यासांचा एकत्रित धांडोळा प्रसिद्ध झाला. त्यात क्लायंट आणि थेरपिस्ट यांच्यातल्या सहकार्याचा उपचारांच्या फलिताशी संबंध जवळजवळ प्रत्येक पद्धतीत दिसला. सहसंबंध सुमारे ०.२८ (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध). म्हणजे नातं खरंच मोजावं इतकं महत्त्वाचं. पण हाच आकडा नीट वाचला तर नात्याबाहेरही बरंच काही उरतं. शिवाय या सहकार्यात नुसती आपुलकी धरलेली नाही. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९मध्ये त्याची जी मांडणी केली तिच्यात आपुलकीसोबत दोन गोष्टी आहेत: कुठे पोचायचं यावर दोघांचं एकमत, आणि त्यासाठी काय करायचं यावर एकमत. मग समुपदेशकानं आपली पद्धत उघड सांगणं हा नात्याचाच भाग होतो. आपल्याकडची माहितीपत्रकं पाहा. 'होलिस्टिक', 'एक्लेक्टिक', 'क्लायंटच्या गरजेनुसार'. याचा अर्थ कधी खरंच अनेक पद्धतींवर हुकमत असा असतो, आणि कधी कोणत्याच पद्धतीचं धड प्रशिक्षण नाही असा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

बंद खोली उघडल्यानं उपचार बिघडतो, क्लायंट मोकळा होत नाही, गोपनीयता जाते, असं सांगितलं जातं. या व्यवसायाचा इतिहास वेगळं सांगतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याइतकं क्लायंटचा आदर हा विषय लावून धरणारं दुसरं कोणी क्वचितच असेल. त्याच रॉजर्स यांनी १९४०च्या सुमारास सत्रांचं ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि १९४२मध्ये एका संपूर्ण उपचाराचं शब्दशः लेखन, ओळख लपवून, छापलं. दुसरे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारी संध्याकाळी लोकांसमोर, स्वेच्छेनं पुढे आलेल्या माणसाशी बोलून आपली पद्धत दाखवत. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत रुजली, आणि फडक्यांचं शिक्षण मोठ्या प्रमाणात झालं ते एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं चाललेल्या पत्रव्यवहारातून. शंका लिहायच्या, टपालाची वाट पाहायची, उत्तर आलं की पुन्हा लिहायचं. कलकत्त्यात १९२२मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस हेही असेच फ्रॉइडना पत्रं लिहीत राहिले, आणि पटलं नाही तिथे वाद घालत राहिले. समुद्रापलीकडे पत्र पाठवून जे त्यांनी मिळवलं, ते आज व्हिडिओ कॉलवर अर्ध्या तासात मिळू शकतं. तरी मिळवलं जात नाही, कारण कोणी मागत नाही.

गोपनीयतेबद्दल एवढंच, की ती आजही निखळ नाही. २०१७च्या कायद्यानं ती रुग्णाचा हक्क म्हणून दिली आणि काही अपवादही दिले. पॉक्सो कायद्याखाली बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर समुपदेशकालाही ती पोलिसांना द्यावीच लागते. हे पहिल्याच भेटीत सांगणारे किती असतात? जो हे सांगतो, तो 'तुमचं नाव न घेता मी माझ्या कामाबद्दल एका वरिष्ठांशी चर्चा करतो' हेही सांगू शकतो. ते ऐकून घाबरलेले क्लायंट मला भेटलेले नाहीत. उलट आश्वस्त झालेले भेटले.

मराठी माणूस समुपदेशकाची पार्श्वभूमी विचारत नाही असं मात्र नाही. विचारतो, पण भलतीच. आडनाव कळलं की गाव विचारतो. समोर तिशीतली मुलगी असेल तर 'तुमचं लग्न झालंय का?' असं सासूबाईंच्या वयाची बाई हमखास विचारते, आणि नाही म्हटलं की चेहऱ्यावर दिसतं: मग हिला माझं काय कळणार. त्या कुतूहलाला मी हसणार नाही. आपल्या घरातलं जग या व्यक्तीला दुरून तरी माहीत आहे का, याचा तो अंदाज असतो. दलित तरुणाला नोकरीतल्या अपमानाबद्दल बोलायचं असेल आणि समोरची व्यक्ती 'हे तुमच्या मनाचे खेळ असतील' म्हणाली, तर तिथे पद्धत कोणतीही असो, उपचार संपला. काही ठिकाणी स्वतःचं आयुष्य सांगणं हा कामाचाच भाग असतो. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर आलेली माणसं समुपदेशक म्हणून काम करतात, आणि 'मीही इथेच होतो' या वाक्याला तिथे जे वजन आहे ते कोणत्याही पदवीला नाही. पण तेही एका संस्थेच्या चौकटीत, सहकाऱ्यांच्या सोबतीनं चालतं. तेच वाक्य घेऊन कोणी एकटा दुकान मांडतो, तेव्हा मला धास्ती वाटते.

माझ्या मते समुपदेशकाचं लग्न, जात, श्रद्धा सांगणं त्याच्या मर्जीवर सोडावं. त्याची भूमिका मात्र विचारायचा हक्क क्लायंटला आहे. समलैंगिक मुलाला घेऊन आईवडील येतात आणि 'याला नीट करा' म्हणतात, तेव्हा तुम्ही काय करता? मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी २०२१मध्ये एका प्रकरणात, निकालाआधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे बसून विषय समजून घेतला आणि लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांना मनाई केली. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगानं असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं. पण ही तंबी डॉक्टरांना. ज्याच्या डोक्यावर कोणतीच परिषद नाही असा समुपदेशक हेच करत राहिला, तर त्या मुलानं तक्रार न्यायची कुठे?

राज्यांच्या परिषदा आता उभ्या राहतीलच. त्या कशा उभ्या राहतात यावर सगळं आहे. पदव्यांची छाननी करून प्रमाणपत्र देणं आणि पाच वर्षांनी फी घेऊन नूतनीकरण करणं, एवढंच त्या करणार असतील तर गोव्यातली ती समुपदेशक बाई बाहेर फेकली जाईल आणि एकांतातला एम.ए. आत बसेल. ब्रिटनमध्ये 'सायकोथेरपिस्ट' ही उपाधी आजही कायद्यानं राखीव नाही. जर्मनीत ती १९९९पासून आहे. पण ब्रिटनमधली बीएसीपी ही समुपदेशकांची संघटना आपल्या मान्यताप्राप्त सदस्यांना महिन्याला किमान दीड तास वरिष्ठांच्या देखरेखीची अट घालते, आणि ही अट नवशिक्यांपुरती नाही, काम सुरू आहे तोवर आहे. आपल्याकडे नूतनीकरण याच अटीला बांधावं. पदवीवाल्यांना वेगळा वर्ग द्या, मर्यादित प्रशिक्षणावर मर्यादित काम करणाऱ्यांना वेगळा द्या, पण देखरेख दोघांनाही सक्तीची.

खर्च वाढेल, हे खरं. मोठ्या शहरांत एका सत्राला हजार-दोन हजार रुपये आजच लागतात. वरिष्ठांची फी त्यात मिळवली तर ती क्लायंटच्याच खिशातून जाणार. गटानं बसून एकमेकांचं काम तपासण्याची गोव्यातली रीत इथे उपयोगी पडेल, कारण तिला वेळ लागतो, पैसा फारसा नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी चार-पाच समुपदेशक महिन्यातून दोनदा भेटू शकत नाहीत असं मला कोणी सांगू नये. अडचण पैशाची कमी आणि एकमेकांकडे स्पर्धक म्हणून पाहण्याची जास्त आहे.

परिषदेची वाट पाहत बसायला ज्यांना सवड नाही, त्यांनी पहिल्या फोनवरच विचारावं: तुम्ही कुठे शिकलात, माझ्या त्रासावर कोणती पद्धत वापराल, आणि तुमच्या कामाबद्दल तुम्ही कोणाशी बोलता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पाठ केलेली असू शकतात. तिसऱ्यावर समोरचा अडखळला तरी चालेल. 'सध्या कोणी नाही, शोधतेय' हे उत्तरही प्रामाणिक आहे. 'इतक्या वर्षांनंतर मला त्याची गरज नाही' असं ऐकू आलं, तर दुसरा नंबर लावावा.